बाई, वय अठ्ठेचाळीस, दाढ दुखते

सकाळी साडेसहाला उकंडरावांना दुखणं यायचं. कधी छातीत, कधी कंबरेत, एकदा तर उजव्या पायाच्या अंगठ्यात आलं होतं. ओसरीवरच्या लोखंडी खाटेवर ते बसत, समोरच्या स्टुलावर तेलाचा रिकामा डबा ठेवत, डब्याला मोबाइल टेकवत आणि कण्हू लागत.

पहिल्या दिवशी शेजारच्या वच्छलाबाई पिठाचे हात घेऊन धावत आल्या होत्या.

"काय झालं व भाऊजी?"

"काही नाही वयनी. अपेंडिक्स हाय."

"मंग हासून कायले राह्यले?"

मोबाइलमधून उकंडरावांच्या लेकीचा, प्रेरणाचा आवाज आला, "काकू, बाबा पेशंट होऊन राह्यले. माही परीक्षा हाय."

वच्छलाबाईंनी हात पदराला पुसले आणि मोबाइलात डोकावून पाहिलं. तिकडे अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ होती, खिडकीमागे दिवे लागले होते. "तू तं दाताची डॉक्टर झाली ना व माय? मंग अपेंडिक्स काय दातात रायते?"

वडनेर भोलजीत हा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. उकंडरावांची एकुलती एक लेक अमरावतीला दाताची डॉक्टर झाली, मग परदेशात जाऊन पुन्हा दाताची डॉक्टर झाली, आणि आता चौतिसाव्या वर्षी म्हणे अजून परीक्षाच देते. पारावर कुणी विचारायचं, "म्हंजे पहिली डिग्री खोटी निंघाली काय भाऊ?" उकंडराव समजावून सांगत. तिला तुटलेले जबडे जोडायचे आहेत, तोंडातल्या गाठी काढायच्या आहेत. तिच्या हॉस्पिटलात त्यासाठी नुसती दातांची डॉक्टरकी पुरत नाही, अख्ख्या माणसाची लागते. म्हणून सर्जरी शिकता शिकताच मधे डॉक्टरीचं कॉलेज, आणि डॉक्टरी करायच्या परवान्याच्या परीक्षा. "तोंडापासून सुरू केलं," ते म्हणत, "आता खाली खाली उतरून राह्यली."

कागदावरच्या परीक्षा ती पास झाली होती. अडली ती बोलायच्या परीक्षेत. त्या परीक्षेत बारा खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीत एक पेशंट. पेशंट खरे नसतात. पगारी माणसं असतात, दुखणं पाठ करून बसलेली. दार वाजवायचं, आत जायचं, पंधरा मिनिटांत विचारपूस, तपासणी, समजूत. मग बाहेर येऊन दहा मिनिटांत सगळं लिहून काढायचं. प्रेरणानं रोग बाराच्या बारा ओळखले, तरी ती नापास झाली. निकालाच्या कागदावर लिहून आलं होतं की कमी पडलं ते पेशंटशी बोलणं. पुन्हा नापास झाली तर डॉक्टरीची डिग्री लटकली, आणि तिच्याबरोबर सर्जरीही.

"एक बाई रडत होती, बाबा," तिनं त्या वेळी फोनवर सांगितलं होतं. "मले माहीत होतं ते खोटं रडून राह्यली. म्हणून मी थांबलीच नाही. औषधं कोणती घेता ते विचारलं."

उकंडराव म्हणाले, "खोटं रडनं लय कठीन असते व माय. त्याले तं थांबाच लागते."

त्यांना ते माहीत होतं. तरुणपणी ते सोंगं घ्यायचे. चैतात देवाची जत्रा भरली की पंचक्रोशीतून माणसं वडनेरच्या उकंडाचं सोंग बघायला यायची. सावकार, वेडी, बाळंतीण, मामलेदार, सवतीचा छळ सोसणारी सून. बायकांची सोंगं त्यांना अधिक चांगली जमायची. अब्दुल गनी पिंजारी ढोलकीला असायचा. त्या मंडळींचा एक नेम होता. तोंडाला एकदा रंग लागला की आपल्या नावाला ओ द्यायची नाही. घर जळत असलं तरी नाही. रंग धुवेपर्यंत आपण तोच, किंवा तीच.

तो नेम त्यांनी या खाटेवरही पाळला. दुसऱ्याच दिवशी मधेच प्रेरणा म्हणाली, "बाबा, आवाज येते का नीट?" आणि उकंडरावांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "बाबा कोन व डॉक्टरीनबाई? मी दगडू. ट्रक चालवतो." प्रेरणा इतकी हसली की तिच्या घड्याळातली पंधरा मिनिटं हसण्यातच गेली. तिकडचे पगारी पेशंटही असेच असतात म्हणाली, मरतील पण सोंग सोडणार नाहीत.

इंग्रजीची तिला अडचण नव्हती. अडचण होती ती माणसासमोर बसण्याची. म्हणून सराव वऱ्हाडीतच चालायचा.

"तू लवकर इचारते," उकंडराव सोंग उतरल्यावर सांगायचे. "मानूस आल्या आल्या जे सांगते ते त्याचं दुखनं नसते. ते त्याचं तिकीट असते. आंधी आत येऊ दे त्याले. बसू दे."

"पंधराच मिनिटं असतात, बाबा."

"सोंगाले तं पाचच भेटत."

सुरुवातीला दुखणी प्रेरणाच लिहून पाठवायची. पण स्वतःच पाठवलेलं दुखणं ओळखण्यात काय आहे? मग तिनं सांगितलं, तुम्हीच शोधून आणा, मला न सांगता. तेव्हापासून उकंडराव दुखणी गोळा करत हिंडू लागले. नांदुऱ्याच्या गाडीत शेजारी बसलेल्याला विचारायचे, कंबर दुखते म्हणजे नेमकी कशी, टोचते की ओढते? मलकापूरच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली की जुवाजवळ बसलेल्या शेतकऱ्याचं पित्त समजून घ्यायचे. माणसांना ते आवडायचं. इतक्या बारकाईनं त्यांना कुणी विचारलेलंच नसायचं. काहींचे तर बोलता बोलता डोळे भरून यायचे. उकंडराव सगळं ध्यानात ठेवत घरी येत, आणि रिकाम्या घरात चुलीपुढे बसून ते दुखणं अंगात घालून पाहत.

घर रिकामं होऊन बारा वर्षं झाली होती. प्रेरणाची आई, गीताबाई, गेल्या त्या साली नवं बीटी बियाणं गावात सगळ्यांनीच लावलं होतं. आधीचा कापूस महिना-महिना रेंगाळत फुटायचा. हा एकदमच फुटला. एका आठवड्यात सारं शिवार पांढरं झालं, आणि ज्याच्या त्याच्या वावरात एकाच वेळी वेचणी निघाली. मजूर बायका मिळेनात. गीताबाई एकट्या सहा एकरांत ओटी बांधून उतरल्या. वेचताना गुणगुणायच्या. सडक वावराला लागूनच होती, आणि शनिवारच्या गाडीनं कधी कधी लेक यायची.

ओटीतला कापूस, डोळा सडकेच्या गं कडे
येस्टीतून उतरंल लेक माही, पुस्तक धरून पुढे

पंधरा दिवस दाढ दुखते म्हणत होत्या. सोळाव्या दिवशी कापसाच्या ओळीतच बसल्या आणि आडव्या झाल्या. डॉक्टर आला तो म्हणाला, अटॅक. दाढेचं कुणाला काही आठवलं नाही. अटॅक तो अटॅक, दाढ ती दाढ.

यंदाच्या कार्तिकात परीक्षेला आठ दिवस राहिले असताना उकंडराव अब्दुल गनीच्या दुकानात गेले. गनीकडे आता पिंजायची मशीन होती. जुन्या गाद्यांचा कापूस तिच्यातून उडायचा आणि गनीच्या भुवयांवर बसायचा. वर्षापूर्वी अकोल्याला त्याच्या काळजाच्या नळीत जाळी बसवली होती.

"गनीभाई, तुह्यं दुखनं सांग. नीट सांग, सुरुवातीपासून. पोरीले द्यायचं हाय."

"आता माह्यं बी नेतं का बे?" गनीनं मशीन बंद केली. "पन तुले सांगतो भाऊ, छातीत काहीच नव्हतं. अल्ला कसम. दाढ दुखे. ही, डाव्या अंगाची. गादी उचलली का दुखे, खाली ठेवली का बंद. मी तं दातवाल्याकडे गेल्तो उपटाले. तो भला मानूस. म्हने चाचा, दाढ नाही, सीधा अकोल्याले पळा. त्यानं नसतं सांगतलं तं तू आज माह्या कबरीवर दुखनं इचारत बसला असता."

गनी आपल्याच बोलण्यावर हसला. मग त्यानं पाहिलं की उकंडराव हसत नाहीत.

"काय झालं बे?"

"काही नाही," उकंडराव म्हणाले. "डोळ्यात कापूस गेला."

घरी येताना त्यांनी सडकेची बाजू सोडली आणि वावरातून आले. यंदाचा कापूस गुलाबी बोंडअळीनं पोखरला होता. अर्धी बोंडं फुटलीच नव्हती, जी फुटली त्यांत नुसती पिवळी कवडी, किडका कापूस. बांधावर ते बसले. गाठोडं उचललं की दुखते. खाली ठेवलं की बंद. गीता हेच म्हणायची, ह्याच बांधावर बसून. "बसली का थांबते पाहा, कशी नखऱ्याची दाढ हाय." आणि दोनदा म्हणाली होती, चला मलकापूरला दाखवून येऊ. दोनदा त्यांनी म्हटलं होतं, एवढी वेचणी होऊ दे.

आता त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. तेव्हा नेलं असतं तर ती वाचली असती का? सांगू शकेल असं माणूस जगात एकच होतं, आणि तिलाच विचारता येत नव्हतं. कारण त्याच पंधरा दिवसांतल्या एका शनिवारी प्रेरणा घरी आली होती. दाताच्या डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं बॅटरी लावून आईच्या तोंडात पाहिलं होतं आणि सांगितलं होतं, दाढ किडली आहे. विचारायचं म्हणजे तिलाही सांगायचं, की तू चुकली होतीस. आणि हे सांगायचं परीक्षेच्या तोंडावर.

मग चुलीपुढे बसल्यावर त्यांच्या मनात आलं की तिला ठाऊक असणार. अख्ख्या माणसाची डॉक्टरकी शिकली ती. हे तिच्या पुस्तकात आलंच असणार, कधीतरी, कुठल्यातरी पानावर, आणि ते पान तिनं त्या परमुलखात एकटीनं वाचलं असणार. आणि आपल्याला सांगितलं नाही.

ठरवलं, परीक्षा होईपर्यंत विचारायचं नाही. पुढचे सहा दिवस त्यांनी साधी दुखणी दिली. मुतखडा दिला, ताप दिला. प्रेरणा म्हणाली, "बाबा, पेशंट जराक फिके होऊन राह्यले तुमचे." ते म्हणाले, थंडी पडली आहे.

शेवटच्या सकाळी त्यांनी वच्छलाबाईंचे गुडघे तयार ठेवले होते. कसे वाजतात, कुठल्या पायरीला अडतात, सगळं. पलीकडे प्रेरणानं टेबलावर बोटांनी दार वाजवलं. केस मागे बांधलेले, पांढरा कोट घातलेला. परवा परीक्षा होती.

"नमस्कार. मी डॉक्टर प्रेरणा. बसा. आज काय त्रास होते?"

"दाढ दुखते," उकंडराव म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. गुडघे कुठे गेले कळलं नाही. सोंगात असं कधी कधी व्हायचं. ठरवलेलं बाजूला राहायचं आणि भलतंच कुणीतरी तोंडातून बोलायचं. तेव्हा ते अडवत नसत.

प्रेरणा हसली. "दाढ तं माहा धंदाच हाय. वय किती तुमचं?"

"अठ्ठेचाळीस."

"केव्हापासून दुखते?"

"पंधरा दिस झाले. कापूस फुटला तवापासून."

"थंड पानी पेल्यानं दुखते का? गरम चहानं?"

"थंड्यानं नाही, गरमानं नाही. गाठोडं डोक्शावर घेतलं का दुखते. बांधावर बसली का थांबते."

प्रेरणाच्या हातातलं पेन थांबलं. तिच्यामागच्या खिडकीतले दिवे चालूच होते. कुठल्यातरी गाडीचा भोंगा वाजला आणि दूर गेला. तिनं नाव अजून विचारलं नव्हतं. आता विचारलं, आणि तिचा आवाज खाली गेला होता.

"नाव काय तुमचं?"

"गीता."

"बाबा."

ओसरीवर कुणी ओ दिली नाही.

"बाबा, थांबवा हे. परवा परीक्षा हाय माही."

उकंडराव मोबाइलकडे पाहत राहिले. हट्टानं नव्हे. त्यांना एवढंच कळत होतं की आत्ता ओ दिली तर बाबा होऊन हे पुन्हा कधीच विचारता येणार नाही. त्यांनी डोक्यावर नसलेला पदर सारखा केला आणि डावा गाल तळहातात घेतला. गीताबाई घ्यायच्या तसाच, चार बोटं कानामागे.

प्रेरणानं ते पाहिलं. डोळे मिटले, उघडले. मग खुर्ची टेबलाच्या बाजूनं पुढे ओढली, मोबाइलच्या इतक्या जवळ की तिचा कोट दिसेनासा झाला आणि नुसतं तोंड उरलं.

"अजून कोनाले दाखवलं, गीताबाई?"

"लेकीले दाखवलं. दातायची डॉक्टर होऊन राह्यली ते. शनवारी आल्ती."

"काय म्हणली?"

"बॅटरी लावली. चमच्याच्या दांडीनं ठोकून पाह्यलं. म्हने आई, दाढ किडली. वेचनी झाली का अमरावतीले ये, भरून देऊ."

"मंग?"

"किडली व्हतीच ना दाढ."

"हो," प्रेरणा म्हणाली. "किडली होती. पन दुखत ते नव्हती." ती थांबली. मागे परीक्षेत ती थांबली नव्हती. "गीताबाई, तुमचं काळीज दुखत होतं. कष्ट केले का त्याले रक्त कमी पडे, अन् त्याचं दुखनं जबड्यात उमटे. बसलं का त्याले आराम भेटे, म्हणून थांबे. तुमच्या लेकीनं एकच गोष्ट इचाराले पाह्यजे होती. बसल्यावर थांबते का, एवढीच. तिनं नाही इचारलं."

"तिले शिकवलं नसंल कोनी."

"शिकवलं होतं. पुस्तकात एक ओळ होती. पाठ होती मले. पेपरात आली असती तं लिवली असती." तिचा आवाज चिरकला, तिनं तो सरळ केला. "दाढ समोर दिसली, अन् दाढ मले येत होती. म्हणून मी तिच्यापुढे गेलीच नाही. मले माही चूक सहा वर्षांपासून माहीत हाय. सांगता नाही आलं."

उकंडराव गाल धरून बसले होते. गीताबाई काय म्हणाली असती, हे त्यांना शोधावं लागलं नाही. लेक अमरावतीला परत गेल्यावर दोन-तीन दिवसांनी ती जे म्हणाली होती तेच त्यांनी सांगितलं.

"माह्या तोंडात हात घातला तवा तिच्या बोटायले साबनाचा वास येत व्हता. डागदरच्या हातासारका. मले बेस वाटलं. दुखनं कमी नाही झालं, पन बेस वाटलं. मी शेजारीपाजारी सांगत हिंडली दोन दिस, का माह्या लेकीनं मले तपासलं."

प्रेरणा रडली. रडू आवरायला तिनं तोंड फिरवलं नाही. पगारी पेशंटसमोर डॉक्टरनं असं रडायचं नसतं, पण तिनं ते चालू दिलं, आणि उकंडरावांनीही. गल्लीतून कापूस वेचायला निघालेल्या बायकांची ट्रॉली धडधडत गेली.

मग ते म्हणाले, "डॉक्टरीनबाई, एक इचारू काय?"

"इचारा."

"माह्या मालकाले मी दोनदा म्हनलं, मलकापूरले नेता काय. ते म्हने एवढी वेचनी होऊ द्या. मजूर भेटत नव्हते. त्यायनं तवाच नेलं असतं तं?"

तिकडच्या परीक्षेत एक गोष्ट चालत नाही. पेशंटला खोटा धीर द्यायचा नाही. सगळं ठीक होईल असं म्हटलं की मार्क जातात. हे प्रेरणानंच त्यांना शिकवलं होतं. म्हणून ती उत्तर देईपर्यंत जो वेळ गेला त्यात त्यांना कळत होतं की ती आपल्याला वाचवायला वाट शोधते आहे, आणि तिला ती सापडत नाही.

"वाचल्याच असत्या असं सांगता येत नाही," ती म्हणाली. "पन नेलं असतं तं संधी होती. चांगली संधी होती."

"हं."

एवढंच जाणून घ्यायचं होतं. बारा वर्षांच्या वजनाला ते उत्तर फार लहान होतं, मूठभर.

प्रेरणानं हातानं डोळे पुसले. आणि मग, डॉक्टर म्हणून की लेक म्हणून कोण जाणे, तिनं हळू विचारलं, "गीताबाई, तुम्हाले त्यायचा राग हाय का?"

उकंडरावांनी तोंड उघडलं. तरुणपणी शेकडो सोंगं त्यांनी घेतली, जत्रेत दिवा विझला तरी त्यांचा शब्द अडला नव्हता. लेकीसाठी गीताचा शब्द त्यांच्याजवळ होता. तो गीतानं स्वतः ठेवून दिला होता. नवऱ्यासाठी काही ठेवला नव्हता. पंधरा दिवस ती चिडली नाही, रुसली नाही, त्यांच्या ताटात गरम भाकर वाढत राहिली. राग होता की नव्हता, कसं सांगणार? हो म्हटलं असतं तर ते उत्तर गीताचं नसतं, त्यांचं स्वतःचं झालं असतं, नाही म्हटलं असतं तरीही.

पंधरा मिनिटांची घंटी वाजली.

"आई," प्रेरणानं हाक मारली.

"ओ," उकंडराव म्हणाले.

तिनं मान हलवली, आणि फोन बंद करून लिहायला गेली.

निकाल महिन्या-दीड महिन्यानं आला. पास. रात्रीच फोन आला, उकंडरावांनी ओसरीतूनच वच्छलाबाईंना ओरडून सांगितलं. गनी पेढ्यांचा डबा घेऊन आला. "कोनाचं दुखनं आलं परीक्षेत?" त्यानं विचारलं. "माह्यं आलं का?" उकंडराव म्हणाले, तसं सांगायचं नसते, मनाई असते. वच्छलाबाई म्हणाल्या, आता तरी भाऊजी सकाळचं कण्हणं बंद करा, माझ्या भाकरी करपतात.

कण्हणं बंदच झालं. प्रेरणाची सर्जरीची ड्यूटी सुरू झाली, ती पहाटे जाते आणि उभ्या उभ्या जेवते. फोन आता रविवारी. साडेसहाला उकंडराव जागे असतात, अंगात कुठेच काही दुखत नाही. माणसं मात्र अजून वाटेत थांबवतात. बाजारात कुणी हात धरून बाजूला नेतो आणि सांगतो, भाऊ, आता ते दुखणं पाठीत सरकलं. उकंडराव ऐकून घेतात. मग म्हणतात, डॉक्टरले दाखव, आजच दाखव, वेचनी राहू दे.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी प्रेरणानं फोन केला. थोडं इकडचं, थोडं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या दिवशी उत्तर नाही दिलं."

"कोनत्या दिवशी?"

"तुम्हाले माहीत हाय." तिनं खुर्ची पुढे ओढली. "मले तं आई भेटली. तुम्हाले कुठं भेटली? आता मी आई होतो. तुम्ही इचारा."

उकंडराव हसले. "तुले नाही जमनार तिचं सोंग."

"काऊन?"

"तू लय बोलते. ते बोलत नव्हती. नुसती पाहे."

प्रेरणा गप्प झाली. तिनं पदर घेतल्याची खूण केली नाही, गालावर हात ठेवला नाही. फक्त बोलायची थांबली आणि त्यांच्याकडे पाहू लागली. चौतीस वर्षांचं तोंड, डोळ्यांखाली जागरणाच्या रेषा, कपाळावर हिवाळ्याचा कोरडेपणा. गीताचे डोळे तिच्यात कधीच कुणाला दिसले नव्हते; सगळे म्हणत, पोर बापावर गेली.

उकंडरावांनी पाहिलं. ओठ हलले. ओसरीच्या कोपऱ्यात यंदाच्या शेवटच्या वेचणीची कवडी पडली होती, अजून कुणी व्यापारी न्यायला आला नव्हता.

"आवाज येऊन नाही राह्यला व माय," ते म्हणाले. "रेंज गेली वाटते."

पलीकडे प्रेरणा काहीच बोलली नव्हती. ती पाहतच होती. उकंडरावांनी हात पुढे केला आणि फोन बंद केला.